काडेचिराईत रोज प्यायचं का? आधी काडी मोडून बघा

चिपळूणहून एका ताईंचं पत्र आलंय. जरा लांब होतं म्हणून मधलं थोडं गाळून देते.

"ताई नमस्कार. माझी मुलगी १६ वर्षांची आहे, अकरावीला. दीड वर्षापासून तोंडावर पिंपल्स, गालावर आणि हनुवटीवर जास्त, आता डागही राहायला लागलेत. सासूबाई म्हणाल्या रक्त खराब झालंय, काडेचिराईत पाज. बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून जुडी आणली, रात्री भिजत घालून सकाळी उपाशीपोटी देते, पोरगी नाक दाबून पिते बिचारी. २० दिवस झाले, फरक म्हणावा तर थोडा आहे म्हणावा तर नाही. दुसरी पुडी ऑनलाईन मागवली, चिरायता फेसपॅक, त्यावर लिहिलंय रंग उजळतो, डाग जातात. ती पावडर हिरवी आहे आणि जुडीतल्या काड्या तपकिरी, मग खरं कुठलं? पॅक लावल्यावर तोंड लाल होऊन चुरचुरतं, सासूबाई म्हणतात औषध लागू पडतंय. आणि एक, मिस्टरांनीही तेच पाणी सुरू केलंय, त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दोनदा अकराच्या सुमारास ऑफिसात घाम फुटून हातपाय थरथरले. याचा काही संबंध असेल का? चालू ठेवू का बंद करू?"

ताई, तुम्ही मिस्टरांचं सगळ्यात शेवटी लिहिलंत पण मी तिथूनच सुरू करणार आहे, कारण पिंपल्स आठवडाभर थांबतील, हे थांबणार नाही. त्यांचं चिराईताचं पाणी आजपासून बंद करा. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, डोळ्यापुढे अंधारी, एकदम भूक लागणं, ही साखर खाली गेल्याची लक्षणं असतात. त्यांच्या गोळ्या कुठल्या ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं काही नाव असेल तर त्या गोळ्या स्वतःच साखर बऱ्यापैकी खाली आणतात, नुसतं मेटफॉर्मिन असेल तर सहसा एवढं होत नाही. आणि चिराईतात स्वेर्चिरिन नावाचं एक द्रव्य आहे ज्याने उंदरांवरच्या प्रयोगांत साखर उतरलेली दिसलीय. म्हणजे एकीकडून गोळी ओढतेय, दुसरीकडून काढा ओढतोय, त्यात सकाळी कडू पाणी पिऊन तोंड वाईट झालं म्हणून माणूस नाश्ताही नीट करत नाही, मग अकरा वाजता ऑफिसात घाम फुटणारच की.

पुन्हा असं झालं तर लगेच ग्लुकोमीटरवर बघायचं, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून प्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं. मशीन जवळ नसेल तर मोजायच्या नादात वेळ घालवू नका, साखर आधी. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका, याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि चिराईत पीत होतो हे स्पष्ट सांगा. आपल्याकडे लोक हेच सांगत नाहीत. घरगुतीच तर आहे, त्यात काय सांगायचं, असं वाटतं, आणि डॉक्टर बिचारे कारण भलतीकडेच शोधत बसतात. माझ्या जवळच्या नात्यात हे झालंय, महिनाभर तपासण्या चालल्या आणि रोज सकाळचा पेला कुणाच्या डोक्यातच आला नाही, म्हणून मी या बाबतीत जरा जास्तच ओरडून सांगते, राग मानू नका.

आता तुमचा खरं कुठलं हा प्रश्न. फार चांगलं निरीक्षण आहे तुमचं, बहुतेक लोक एवढं बघतही नाहीत. आपल्याकडे चिराईत किंवा किराईत या एकाच नावाने दोन पूर्ण वेगळ्या वनस्पती घरात येतात. एक काडेचिराईत, ते हिमालयातलं, काश्मीरपासून नेपाळ, सिक्कीम, भूतानपर्यंत साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर होणारं. दुसरं पालेकिराईत, ज्याला काळमेघ म्हणतात, ते आपल्या सपाटीवर, कोकणात, परसातसुद्धा येतं. दोन्ही कडूजहर. चव घेऊन कळेल असं वाटतं पण नाही कळत, चाखून ओळखण्याच्या भानगडीत पडूच नका. दोघांची कुळंसुद्धा वेगळी, नुसता कडूपणा सारखा, आणि भूनिंब हे संस्कृत नाव दोघांनाही लावलं जातं, त्यामुळे हा गोंधळ आजचा नाही.

काडी मोडून बघा. खऱ्या काडेचिराईताची काडी तपकिरी किंवा जांभळट, बुडाशी गोल आणि वर वर जाताना चौकोनी होत गेलेली, मोडली की आत पिवळसर भेंड दिसतं, अखंड, नखाने सहज सुटून येणारं. काळमेघाची काडी वाळल्यावरही हिरवट राहते, चार कडा बोटाला लागतात, आणि जुडीत पानांचा चुरा भरपूर असतो. तुमच्या वर्णनावरून जुडी बहुधा काडेचिराईताची आहे आणि पुडीतली हिरवी पावडर काळमेघाची किंवा मिसळीची. पण पावडर झाली की घरी ओळखायचा काही मार्ग नाही ओ, म्हणून मी कायम सांगते की ही वस्तू अख्खी घ्या, दळलेली घेऊ नका. मी स्वतः एकदा फसलेय, एका दुकानातून तीन महिने चिरायता पावडर म्हणून आणत होते, एकदा हट्टाने अख्ख्या काड्या मागितल्या तर पुढ्यात आल्या त्या हिरव्या चौकोनी. दुकानदार म्हणाला एकच की ते. एकच नाही! काळमेघ वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, त्याचे स्वतःचे उपयोग आहेत, पण काही लोकांना त्याची ॲलर्जी येते, अंगावर पुरळ, खाज, क्वचित मोठी रिॲक्शनसुद्धा, त्यामुळे आपण काय घेतोय हे माहीत असायलाच हवं.

मुलीच्या चेहऱ्याला तो पॅक परत लावू नका. लाल होणं आणि चुरचुरणं म्हणजे औषध लागू पडणं नव्हे, सासूबाईंना माझा नमस्कार सांगून हे सांगा. कातडी सांगतेय की मला हे सोसत नाहीये. त्यातून दळलेल्या काडीची पावडर कितीही बारीक केली तरी खरखरीतच, आधीच सुजलेल्या पुटकुळीवर ती चोळायची म्हणजे पुटकुळी फुटून डाग आणखी पक्का होणार. पुढचे चार-पाच दिवस नुसतं साधं पाणी, सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर, बाकी काही म्हणजे काही नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, तुरटी नाही.

आणि रंग उजळतो म्हणून पुडीवर जे छापलंय ना, त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. चरकांनी औषधांचे दहा-दहाचे गट केलेत. त्यात किराततिक्त, म्हणजे आपलं काडेचिराईत, येतं कुठे? स्तन्यशोधन गटात, म्हणजे बाळंतिणीचं दूध शुद्ध करणाऱ्या औषधांत, आणि तृष्णानिग्रहण गटात, तहान शमवणाऱ्यांत. वर्ण सुधारणाऱ्या औषधांचा वेगळा वर्ण्य गट आहे, त्यात चंदन आहे, वाळा आहे, मंजिष्ठा आहे, ज्येष्ठमध आहे, किराततिक्त नाही. कातडीच्या रोगांचा कुष्ठघ्न गट आहे, खैर, हिरडा, आवळा, हळद वगैरे, त्यातही ते नाही. मग हजारो वर्षांची परंपरा असं पुडीवर छापणाऱ्याने ती परंपरा उघडून तरी बघितलीय का? मुलगी १६ वर्षांची आहे, तिला पिंपल्स आहेत, तिच्या रंगाला काहीही झालेलं नाहीये. घरात रंग उजळण्याचा विषयच काढू नका, प्लीज. या वयात ते शब्द पिंपल्सपेक्षा जास्त दिवस राहतात.

याचा अर्थ बाहेरून लावायला ते कधी वापरलंच नाही असंही नाही हं. खाज, इसब, पुटकुळ्या यांवर चिराईताचा लेप लावायची पद्धत हिमालयाच्या भागात जुनी आहे. आता जरा गंमतीची माहिती सांगते, मला स्वतःला हे वाचून फार भारी वाटलं होतं. कडू चव ओळखणारे रिसेप्टर फक्त जिभेवर असतात असं आपण समजतो ना, तर ते आपल्या कातडीच्या पेशींतही सापडलेत. जर्मनीत फ्रायबुर्गच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की अमारोजेंटिन नावाचं द्रव्य या पेशींना दिलं की त्या जास्त नीट परिपक्व होतात, आणि कातडीचं कवच धरून ठेवायला तेच लागतं. हे अमारोजेंटिन म्हणजे माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात कडू पदार्थांपैकी एक आणि ते काडेचिराईतात आहे, आणि युरोपातल्या डोंगरांवर होणाऱ्या जेंशियनमध्ये आहे, दोघं एकाच कुळातले. म्हणून हल्ली क्रीमच्या डब्यांवर जेंशियनचं, चिराईताचं नाव दिसायला लागलंय. पण हे काम काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेलं, शुद्ध द्रव्य मोजून मापून घातलेलं. आपण मुलतानी मातीत चमचाभर काड्यांचा भुगा कालवतो त्याचा आणि याचा संबंध फार लांबचा आहे.

जपानमध्येही याचा एक भाऊबंद आहे, सेनबुरी. नावाचा अर्थच असा की हजार वेळा पाण्यात हलवून काढलं तरी कडूपणा जात नाही. तिकडे ते पोटासाठी पितात आणि त्याचा अर्क केसांच्या टॉनिकमध्ये घालतात. हे मुद्दाम लिहिलं कारण पुढचं पत्र नक्की येणार की ताई, केसांना चिराईत लावू का. ती प्रजात वेगळी आहे आणि तिकडे कारखान्यात ठरलेल्या प्रमाणात अर्क काढून घालतात, तेव्हा काडेचिराईत तेलात उकळून डोक्याला लावू नका.

बरं, मग हे काडेचिराईत मुळात कशासाठी? तापासाठी, भूक लागावी म्हणून आणि पित्तासाठी. नावातच बघा, किरात म्हणजे हिमालयातले डोंगरी लोक, अर्जुनासमोर शंकर ज्या वेषात आला तो किरात, आणि तिक्त म्हणजे कडू. त्या लोकांचं हे औषध. नेपाळात आजही ताप आला की चिराइतो पाण्यात भिजवून पितात, अगदी आपण करतो तसंच. आपल्या घरात जे महासुदर्शन चूर्ण असतं ना, जिभेला लागलं की पाच मिनिटं माणूस बोलत नाही, त्यात बाकी सगळी औषधं मिळून जेवढं वजन होतं त्याच्या निम्मं एकट्या काडेचिराईताचं घालायचं असं सांगितलंय. कोरोनात आयुष-६४ च्या गोळ्या घेतल्या असतील कुणी घरात, त्या गोळ्या मुळात मलेरियासाठी तयार केलेल्या, त्यात सप्तपर्ण, सागरगोटा, कुटकी आणि हेच चिराईत. इंग्रजांनीही ते उचललं, १८३९ मध्ये एडिंबरोच्या औषधकोशात गेलं. कडू चव लागली की तोंडाला पाणी सुटतं, पाचक रस सुटतात, भूक लागते, हे त्याचं खरं काम. पाडव्याला कडुनिंबाचा पाला खाणारी माणसं आपण, कडू पोटाला बरं हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पण त्याच कारणाने ज्याला अल्सर आहे किंवा जळजळीचा जुना त्रास आहे त्याने ते घेऊ नये, पाचक रस आणखी सुटून जळजळ वाढेल. गरोदर बाईने घेऊ नये. आणि दूध शुद्ध करणारं असं वर लिहिलं म्हणून बाळंतिणीला घरच्या घरी पाजायला जाऊ नका, आणि तान्ह्या बाळाच्या गुटीतही उगाळू नका, ते वैद्यांनी बघून ठरवायचं असतं.

तर मुलीला प्यायला द्यायचं की नाही? २० दिवस झालेत, आता थांबवा. रोज उपाशीपोटी कडू पाणी पिऊन ही पोर सकाळचं खाऊन जाते का कॉलेजला, ते बघा आधी. रक्त खराब म्हणून पिंपल्स येतात असं नसतं ताई, या वयात हार्मोन्स वाढतात, त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात आणि सूज येते. काढ्याने पोट साफ राहून तिला बरं वाटलं असेल, थोडा फरक तो असेल, किंवा पिंपल्स आपोआप कमी-जास्त होतात तसंही असेल. पण दीड वर्ष झालंय आणि डाग राहायला लागलेत म्हणजे आता त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यायची वेळ झालीय. ते बहुतेक ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं लावायला देतील, त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात आणि सुरुवातीला कातडी थोडी कोरडी पडते, तेव्हा आठ दिवसांत सोडून देऊ नका. आणि हनुवटीवर जास्त येतात असं लिहिलंत म्हणून विचारते, पाळी नियमित आहे का तिची? दोन-दोन महिने लांबत असेल, ओठावर हनुवटीवर जाड केस येत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, पीसीओडी आहे का ते बघतील. हे तिच्याशी एकटीत बोला, सगळ्यांसमोर नको.

सासूबाईंना वाईट वाटेल, मला कळतंय. त्यांनी नातीच्या काळजीनेच सांगितलं आणि त्यांच्या लहानपणी तापाला हेच होतं, त्यांचा विश्वास उगाच नाहीये. त्यांना सांगा की औषध खरं आहे, फक्त ते या दुखण्याचं नाही. त्यांना स्वतःला भूक लागत नसेल, तोंडाला चव नसेल, तर त्या घेऊ शकतात, पण त्यांना शुगरची गोळी किंवा पित्ताचा जुना त्रास नाही ना हे बघूनच, आणि कुठलीही रोजची गोळी असेल तर एकदा विचारूनच. दोन-तीन ग्रॅम काड्या, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजून, मुठीने नाही, बारीक तोडून, कपभर पाण्यात रात्री झाकून ठेवायच्या, सकाळी गाळून प्यायचं, वैद्य याला हिम म्हणतात. आठ-दहा दिवस, मग बंद. रोजच्या चहासारखं वर्षभर नाही. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, तुमच्या हवेत तर मुळीच नाही.

आणखी एक, जे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही जुडी तुमच्या हातात येते ती काही शेतातली मेथी नाही. रोपाला फुलं येऊन बी धरायला दोन-तीन वर्षं लागतात, पावसाळ्यात हिरवट-पिवळी, जांभळी झाक असलेली फुलं येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पिकलं की अख्खं रोप मुळासकट उपटतात कारण औषधात मुळापासून शेंड्यापर्यंत सगळंच घेतात. बी गळायच्या आधीच उपटलं की त्या जागी पुढे काही उगवत नाही. मागणी एवढी की लोक आधीच उपटतात. भारतात त्याची संख्या फार घटलीय, आपल्या बाजारातला बराच माल पूर्व नेपाळच्या डोंगरातून येतो, तिकडे आणि आपल्याकडेही आता लागवड सुरू झालीय पण रानातून उपटणं थांबलेलं नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी पहिल्यांदा ज्या वनस्पती निवडल्या त्यात चिराईत आहे, आपलं कोकमही त्याच यादीत आहे. फेसपॅकच्या पुडीसाठी, जिचा उपयोगही नाही, तीन हजार मीटरवरचं दोन वर्षांचं झाड गेलं असेल हा विचार मला फार टोचतो. आणि हो, कास, महाबळेश्वरकडे पावसाळा संपताना याचेच सह्याद्रीतले नातलग फुलतात, कुणी व्हिडिओ बघून ते उपटून आणायला जाऊ नका.

तुमच्याकडची उरलेली जुडी टाकू नका. दोन दिवस सावलीत पसरून खडखडीत वाळवा, चिपळूणला बुरशी धरायला वेळ लागत नाही, काचेच्या बरणीत भरा आणि वर चिठ्ठी लावा, काडेचिराईत, आणल्याची तारीख, आणि खाली ठळक अक्षरात, शुगरच्या गोळ्या असणाऱ्यांनी घ्यायचं नाही. कधी काळी बरणी उघडल्यावर काळे-पांढरे ठिपके किंवा कुबट वास आला तर मग मात्र सरळ फेकून द्या. मिस्टरांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला नक्की कळवा, वाट बघतेय.